गवताच्या वखारीतली बालवाडी

मुलुंडला आमच्या वाडीच्या टोकाला एक गवताची वखार होती. मी मॅट्रिक झाले तोवर तिच्यातलं गवत संपलं होतं, वास तेवढा उरला होता. मालक शेठजी ठाण्याला राहायचे. वखार रिकामीच पडलीय, मंडळाची पोरं वापरतात तर वापरू देत, असं ते म्हणायचे. फुकटात राखण होते, हे म्हणायचे नाहीत. त्या वखारीच्या पडवीत मी दोन वर्षं बालवाडी चालवली. पुढे संसार केला, मुलं वाढवली, चार माणसांनी बरं म्हणावं असं पुष्कळ केलं. पण अजून सकाळी ऊन घरात यायला लागलं की मला ती पडवी आठवते, आणि वाळक्या गवताच्या वासानं एकामागून एक शिंकणारी पोरं आठवतात. वय झालं की माणूस शांत होतं म्हणतात. मी काही झाले नाही.

मुलुंड तेव्हा मुंबईत धरत नसत. आमचा जिल्हा ठाणे. नाहूरच्या बाजूला भाताची शेतं होती आणि आग्रा रोडच्या कडेनं नवे कारखाने उठत होते. वाडीत बहुतेक कोकणातली माणसं, कुणी गिरणीत, कुणी हापिसात. आमचं तरुण मंडळ म्हणजे वाडीतलीच दहाबारा पोरं-पोरी. एक छोटं वाचनालय, गणपतीत नाटक, रविवारी गटारं साफ करणं, असले आमचे उद्योग. मंडळाचा कार्यवाह आमच्याहून थोडा मोठा, एका बँकेत कारकून होता. त्याला सगळी वाडी दादा म्हणायची, त्याची आईसुद्धा.

बालवाडीचं खूळ दादाच्याच डोक्यातलं. कारखान्यांच्या बांधकामावर बायका पाट्या वाहायच्या आणि त्यांची पोरं तिथेच खडीच्या ढिगाऱ्यावर दिवस काढायची. ते बघून आला आणि मला म्हणाला, "यांना सकाळचं कुणीतरी सांभाळायला पाहिजे. तू रिकामीच असतेस ना?"

"रिकामी म्हणजे? घरात पाणी कोण भरतं, तू?" मी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी गेले.

पैसा कुणाकडेच नव्हता. तेव्हा आम्ही मूठ सुरू केली. वाडीतल्या प्रत्येक बाईनं भात शिजत टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे, आणि आठवड्यातून एकदा आम्ही पोरींनी पिशवी घेऊन ते गोळा करायचे. त्याची पेज शेजारच्या काकू रांधायच्या. काकू मालवणच्या, तोंडानं फटकळ, पण पेजेत मीठ कधी कमीजास्त झालं नाही. बसायला गोणपाटं, लिहायला फुटक्या पाट्या, आणि खेळायला वखारीमागचं चिंचेचं झाड. एवढ्यावर आमची बालवाडी चालायची.

त्या पोरांत एक मुलगी होती. कडेवर भाऊ घेऊन यायची. ती चारेक वर्षांची असेल, भाऊ वर्षाचा. मी त्याला तिच्याकडून घेतला आणि गोणपाटावर निजवला, तर तिला मोकळ्या हातांचं काय करायचं हेच कळेना. ते हात पुढे धरून तशीच उभी राहिली. मग मी तिच्या ओंजळीत चिंचोके ओतले. ती खाली बसली, एक एक चिंचोका जमिनीवर मांडत गेली, आणि पेज झाली तरी उठायचं नाव घेईना. मी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं. आई म्हणाली, "त्यात रडण्यासारखं काय गं?" पण मला आयुष्यात काय करायचंय ते त्या सकाळी कळलं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. सरळ, कष्टाळू आणि अतिशय मानी. उधारीवर किराणा आणला नाही, की कुणाच्या दारात दोन मिनिटं जास्त थांबले नाहीत. माझ्या पाठीवर दोन बहिणी. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि भुसावळचं एक जवळजवळ ठरल्यातच होतं. मुलगा रेल्वेत. पाहून गेला होता, पसंतीही कळवली होती. आमच्याकडून होकार जायचा तेवढा राहिला होता.

नेमकी त्याच वेळी सरकारनं नवी योजना काढली. गावोगावच्या मंडळांना, महिला समाजांना बालवाडीसाठी अनुदान मिळणार होतं. दादा ठाण्याला जाऊन सगळी माहिती काढून आला. अनुदान मंजूर झालं की मुलांना दूध, पाट्या, खेळणी, आणि शिकवणाऱ्या मुलीला पगार. पगारी बालसेविका! तिला आधी सरकारी खर्चानं शिक्षणसुद्धा देणार होते. दादानं हे मंडळाच्या बैठकीत सांगितलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघत होते, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना विचारलं. सरळच विचारलं, घोळ घालत बसायचा माझा स्वभाव नव्हता. "मला पगार मिळायला लागला तर भुसावळला नाही म्हणाल?"

आईचा हात ताटावरच थांबला. अण्णांनी घास संपवला, पाणी प्यायले, मग म्हणाले, "फुकट पोरं सांभाळतेस म्हणून मी लग्न थांबवू शकत नाही. लोकांना काय सांगू? पण सरकारनं नोकरी दिली तर गोष्ट वेगळी. मग मी भुसावळला कळवीन. त्यांनी पाडव्यापर्यंत उत्तर मागितलंय, तोवर बघू."

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. आता सगळं त्या अनुदानावर येऊन ठेपलं. मिळालं तर मी मुलुंडला, माझ्या पोरांत. नाही मिळालं तर भुसावळ.

दादानं अर्ज केला आणि थोड्याच दिवसांत निरोप आला की सरकारी तपासनीस बालवाडी पाहायला येणार आहेत. वाडीत धांदल उडाली. संध्याकाळी वखारीत सगळे मोठे जमले. दादानं समजावून सांगितलं की साहेब येतील, बघतील, जातील, आपण रोजच्यासारखं चालू ठेवायचं.

"रोजच्यासारखं?" काकू ओरडल्या. "सायब येतलो आणि तेका गोणपाटार बसवतलंस? आमका लाज नाय?"

"अहो काकू, पण त्यांना आपली गरज दिसली पाहिजे ना."

"गरज आहे म्हणून काय कटोरा घेऊन उभं राहायचं?" अण्णा म्हणाले. ते क्वचित बोलायचे, त्यामुळे सगळ्यांनी त्यांच्याकडे माना वळवल्या. "मुलगी बघायला माणसं येतात तेव्हा फुटकी कपबशी पुढे करतो का आपण?"

झालं. त्यानंतर दादाचं कुणी ऐकलं नाही. आमच्या वाडीला परक्या माणसानं येऊन पारख करण्याचा एकच प्रकार माहीत होता, मुलगी पाहण्याचा. तेव्हा काय झाकायचं, काय दाखवायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दादा बिचारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. ज्यांच्या घरच्या मुठीवर बालवाडी चालते त्यांना तो काय अडवणार?

आमच्या त्या कळकट पडवीला त्या दिवशी मी ओळखलं नसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून वेताच्या खुर्च्या आल्या. देवळातलं जाजम आलं. भिंतींना चुना लागला. एका घरातून चांदीची गुलाबदाणी, दुसऱ्या घरातून न वापरलेला काचेचा टी-सेट. वाडीतल्या शाळकरी पोरांनी आपापल्या पाट्या आणून दिल्या, कोऱ्या, लाकडी चौकटीच्या. फुटक्या पाट्या आणि गोणपाटं मागे वखारीत नेऊन टाकली आणि दाराला कुलूप लावलं. सकाळी उजाडताच बायकांनी बांधकामावरच्या पोरांना धरून आंघोळी घातल्या, डोक्याला तेल चोपडलं, पावडर लावली आणि आपापल्या मुलांचे ठेवणीतले कपडे त्यांच्या अंगावर चढवले. कुणाचा सदरा घोट्यापर्यंत, कुणाच्या फ्रॉकला पाठीत टाचण्या. माझी ती चिंचोकेवाली मुलगी गुलाबी सॅटिनच्या फ्रॉकमध्ये इतकी गोड दिसत होती, की काकू तिच्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येच्यात काय कमी आसा सांग." सगळ्यांचे डोळे आनंदानं भरून आले होते. कुणीही कुणाला फसवत नव्हतं. आपल्या पोरांची लाज राखत होते.

साहेब आले. गोरे, ठेंगणे, खादीच्या कोटातले, अगदी सभ्य गृहस्थ. त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं गेलं, गळ्यात हार पडला. पोरांनी गाणं म्हटलं, मी शिकवलेलं, आणि छान म्हटलं. मग उपमा, चहा, पेढे. साहेबांनी एका पोराला जवळ घेऊन विचारलं, "काय रे बाळ, इथे रोज काय खायला देतात?" पोराच्या हातात पेढा होता. त्यानं पेढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पेढा." साहेब हसले. वाडी हसली. मीसुद्धा हसले, पण ते उत्तर मला खटकलं. मला वाटलं, यांना मागे न्यावं, कुलूप काढावं, गोणपाटं दाखवावीत. पण आई शेजारी उभी होती आणि तिनं माझं कोपर धरून ठेवलं होतं. मुलीनं पुढे पुढे करायचं नसतं.

मग साहेब बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "मी पुष्कळ संस्था बघतो. कुठे बसायला धड जागा नाही, कुठे मुलांच्या अंगावर कपडा नाही, कुठे एक वेळचं खाणं नाही. सरकारच्या हाती थोडा पैसा आहे, तो अशा ठिकाणी आधी गेला पाहिजे. इथे येऊन मला अभिमान वाटला. तुमच्यासारखे नागरिक असतील तर सरकारच्या मदतीची गरजच काय? तुम्ही स्वतःच्या पायावर उभे आहात. मी वर अगदी तसंच कळवणार आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकू वाजवत होत्या, आई वाजवत होती. सगळ्यांत मोठ्यानं अण्णा वाजवत होते, ताठ उभे राहून, टोपी सरळ करून. वाडीच्या पदरात एवढी मोठी शाबासकी कधी पडली नव्हती. दादा तेवढा वाजवत नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. तेव्हा मला कळलं की मला खटकलं होतं ते खरंच होतं.

साहेब गेल्यावर दादानं सगळ्यांना समजावून सांगितलं की आपल्याला नकार मिळालाय. कुणाला पटेना. "एवढे खूश होऊन गेले की!" आई म्हणाली. "म्हणूनच," दादा म्हणाला. हळूहळू सगळ्यांचे चेहरे उतरले. खुर्च्या परत गेल्या, जाजम परत गेलं. बायकांनी पोरांच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. गुलाबी फ्रॉक काढायला त्या मुलीनं दिला नाही. तिनं इतका आकांत केला की ज्यांचा तो होता त्या बाईच म्हणाल्या, "राहू दे गं, राहू दे तिच्याच अंगावर."

पुढच्या आठवड्यात अण्णांनी गिरणीत रजा टाकली. आयुष्यात आजारपणाखेरीज त्यांनी रजा घेतलेली मी पाहिली नव्हती. मला म्हणाले, "ठाण्याला जाऊन येतो. साहेबांना खरं काय ते सांगतो. खुर्च्या उसन्या होत्या म्हणून सांगतो. कपडेसुद्धा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण हे वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत होतं. मग त्यांनी पेटीतला इस्त्रीचा कोट काढला, काळी टोपी झटकली, बुटांना पॉलिश केलं.

"अण्णा, कोट नका घालू," मी म्हटलं.

"सरकारी कचेरीत बिनकोटाचा जाऊ?" ते म्हणाले, आणि निघाले.

दुपारी परत आले. दारातच कोट काढून माझ्या हातात दिला. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. आणि मग म्हणाले होते, "तुमच्यासारखी खानदानी माणसं स्वतःचं कौतुक कधीच करून घेत नाहीत, हे मला माहीत आहे. इतका विनय हल्ली बघायला मिळत नाही." उठून दारापर्यंत पोचवायला आले होते.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? नमस्कार केला." अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. बुटांवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "मला मागता येत नाही गं. कधी जमलंच नाही." मी त्यांच्याजवळ बसले. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

पाडव्याला भुसावळला होकार गेला.

शेवटच्या दिवशी मी पोरांना काही सांगितलं नाही, रोजच्यासारखीच पेज दिली. काकू माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होत्या आणि मुद्दाम जास्त आवाज करत होत्या. मी गेल्यावर मंडळातल्या दोन पोरींनी आळीपाळीनं बालवाडी सांभाळली.

नवरा चांगला मिळाला. तक्रार म्हणून मी हे लिहीत नाही. पण भुसावळच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये सकाळी ते ड्यूटीवर गेले की माझे हात मोकळे व्हायचे आणि मला ते नकोसे व्हायचे. मी शेजारणींची पोरं हाका मारून गोळा करायची, त्यांना गाणी शिकवायची. त्या बायकांना वाटायचं, हिला लवकर मूल हवंय. मूल हवंच होतं. पण एक नको होतं मला, पडवीभर हवी होती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तोवर मुलुंड मुंबईत गेलं होतं. आईनं बाळाला तेल लावता लावता मला बातमी दिली. ती इतके दिवस बिचकत होती, हे मला तिच्या हातांवरून कळत होतं. दादानं दुसऱ्यांदा अर्ज केला होता आणि या वेळी वाडीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. श्रावणात एक दुसरेच साहेब न कळवता आले. पडवी गळत होती, अर्धी पोरं उघडी होती, काकू पेज वाढताना कुणालातरी शिव्या घालत होत्या. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून साहेब गोणपाटावर बसले आणि त्यांनीही पेज मागून घेतली. अनुदान मंजूर झालं. आता दूध येतं, पाट्या आल्यात, शिकून आलेली बालसेविका आहे.

"बरं झालं," मी म्हटलं. आणि मला खरोखर बरं वाटलं, शेवटी ते मीच उभं केलेलं काम होतं. पण त्या दुपारी मी जेवले नाही. भूक नाही म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाळ चार महिन्यांचं झाल्यावर, भुसावळला परत जायच्या आदल्या दिवशी, मी त्याला घेऊन वखारीकडे गेले. पडवीला नवे पत्रे घातले होते. माझ्या वेळची पोरं आता नव्हती, बांधकामं पुढे सरकली तशी तीही पुढे गेली होती. नवी होती, तशीच शेंबडी, तशीच गोड, गोल करून बसलेली. मधे एक मुलगी उभी होती, माझ्याच वयाची, पांढऱ्या पातळातली. ती हात वर करून काहीतरी सांगत होती आणि सगळी पोरं तिच्याकडे मान वर करून बघत होती. मी दारात उभी राहिले. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तिचं लक्ष गेलं तेव्हा ती लगबगीनं बाहेर आली. तिला वाटलं मी मूल घालायला आले आहे.

"केवढं आहे?" तिनं बाळाच्या गालाला बोट लावत विचारलं.

"चार महिन्यांचं."

ती हसली. छान हसली. "मग अजून वेळ आहे. अडीच वर्षांचं झालं की आणा हं, नक्की आणा. आम्ही घेऊ."

"बरं," मी म्हटलं.

ती आत गेली आणि मी बाळाला घेऊन घरी आले. मला तिच्या जागी असायचं होतं. अजूनही असायचं आहे.